वायर फॉक्स टेरियरचं पिल्लू शोला उतरवायचंय? कोटापासून रिंगपर्यंत सगळं, नवख्यांसाठी

टेरियरचं पिल्लू घरी आलंय, कागदपत्रं आहेत, दिसायला देखणं आहे, आणि कुणीतरी म्हणालंय की याला डॉग शोला टाका ना. इथपर्यंत बरेच जण येतात. पुढे काय करायचं ते मात्र धड कुणी सांगत नाही, जुने लोक म्हणतात "बघून बघून येतं", आणि नवीन माणूस पिल्लाला पार्लरमध्ये नेऊन मशीन फिरवून आणतो आणि थेट ग्राउंडवर जातो. तिथे त्याच्या शेजारी खरखरीत कोटाचा (कोट म्हणजे अंगावरचे केस), ताठ उभा राहिलेला दुसरा कुत्रा असतो आणि मग कळतं की तयारी तीन महिने आधी सुरू करायची असते.

मी इथे वायर फॉक्स टेरियर धरून लिहितोय. एरडेल, वेल्श, लेकलँड, आयरिश यांचं कोटाचं काम थोड्याफार फरकाने असंच असतं. स्कॉटी, वेस्टीचा कोटही उपटूनच करतात पण आकार वेगळा. बेडलिंग्टन, केरी ब्लू, व्हीटन हे मऊ कोटाचे, त्यांचं कात्रीचं काम, त्यांना हे लागू नाही. आणि गुळगुळीत कोटाचा जॅक रसेल असेल तर कोटाचा भाग सोडा, बाकी सगळं वाचा, तुमचं निम्मं काम देवानेच वाचवलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. शोची तारीख आधी, बाकी सगळं तिथून मागे मोजायचं. केस उगवायला जेवढे आठवडे लागतात तेवढे लागतातच, महागडा शॅम्पू आणून किंवा ग्रूमरला दुप्पट पैसे देऊन ते कमी होत नाहीत.

आधी बघा, पिल्लू शोला चालणारं आहे का

आपल्याकडे शो केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांनी होतात, ज्याला सगळे केसीआय म्हणतात, मुख्य ऑफिस चेन्नईला. ब्रीडरने लिटर, म्हणजे एका वेताची सगळी पिल्लं, रजिस्टर केलेलं असतं आणि मग पिल्लू तुमच्या नावावर ट्रान्सफर होतं. मायक्रोचिपचा नंबर १५ आकडी असतो, तो सर्टिफिकेटवर आणि व्हेटच्या स्कॅनरवर सारखाच आला पाहिजे, पिल्लू ताब्यात घेतानाच स्कॅन करून घ्या. "पेपर नंतर पाठवतो" असं कुणी म्हणालं तर पेपर येणार नाहीत असंच धरून चाला, आणि पिल्लू आवडलंच असेल तर घरचं म्हणून घ्या, शोचं म्हणून नको.

मग ब्रीडचं स्टँडर्ड वाचा. एफसीआयच्या (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) साइटवर फुकट मिळतं, वायर फॉक्स टेरियरचा नंबर १६९, ग्रुप ३ म्हणजे टेरियर ग्रुप. दोन-तीन पानांचंच आहे पण जज तेच डोक्यात घेऊन उभा असतो. नराची उंची खांद्याला ३९ सेंटीमीटरच्या वर नको, शो कंडिशनमधलं आदर्श वजन ८.२५ किलो, मादी दोन्हीत जराशी कमी. अंगावर पांढरा रंग जास्त हवा. कान छोटे, व्ही आकाराचे, पुढे दुमडलेले, आणि दुमडीची रेषा कवटीच्या वर दिसली पाहिजे. पाठ आखूड आणि सरळ, डोळे गडद. दात सिझर बाइट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना घासून बाहेरून बसणारे. नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेले हवेत, हे व्हेटकडून तपासून घ्या कारण पुढे तिथेच गाडी अडते.

८ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल "चॅम्पियन होणार" अशी गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा. त्या वयात फार तर आशा दिसते. आई बघायला मिळाली तर तिच्या पाठीवर हात फिरवून कोट बघा, खरखरीत लागतो का. मऊ, कापशी केसांनी फुललेलं पिल्लू फोटोत सगळ्यात भारी दिसतं पण त्याचाच कोट पुढे त्रास देण्याची शक्यता जास्त असते, अंगाला चिकटून बसलेल्या केसांचं साधंसं दिसणारं भावंड बहुतेक वेळा चांगलं निघतं.

८ ते १२ आठवडे: फक्त टेबल

या वयात लसी पूर्ण झालेल्या नसतात, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची भीती असते, त्यामुळे रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन फिरवा ना. रिक्षा, प्रेशर हॉर्न, ढोलताशा, शाळा सुटल्याचा कलकलाट, सगळं कानावर पडू दे. पुढे शोच्या ग्राउंडवर माइकवरून घोषणा चालू असतात आणि दीडशे कुत्री भुंकत असतात, तिथे पहिल्यांदाच आवाज ऐकणारं पिल्लू शेपूट पाडतं, आणि टेरियरने शेपूट पाडली की संपलं.

घरात काम एकच, टेबल. ग्रूमिंग टेबल लगेच नसेल तर घट्ट, न डगमगणारं कुठलंही टेबल चालेल, त्यावर बाथरूममध्ये टाकतात ती रबरी मॅट. पाय घसरला की पिल्लू टेबलाला कायमचं घाबरतं. पहिल्या दिवशी उचलून ठेवायचं, तुकडा द्यायचा, खाली घ्यायचं. बस. दुसऱ्या दिवशी पंजा हातात धरायचा, तुकडा. मग कान उघडून बघायचा, मग ओठ वर करून दात, मग शेपटीचं बूड. रोज दोन-तीन मिनिटं पुरतात, दहा मिनिटं केलीत तर ते हात चावायला लागेल आणि त्यात त्याची काही चूक नाही. टेबलावर ठेवून फोन घ्यायला आत जाऊ नका, गळ्यात टेबलाचा लूप अडकवलेला असेल तर मुळीच नाही. उडी मारली तर फास बसतो.

उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. काही जुने टेरियरवाले शेपटीला आणि मानेला धरून उचलतात, २०१५ ला क्रफ्ट्सच्या मोठ्या डॉग शोला बेस्ट इन शो (सगळ्या शोमधला पहिला) झालेल्या स्कॉटिश टेरियरला असंच उचलल्यावर ब्रिटनमध्ये केवढा गदारोळ झाला होता. तुम्ही तसं शिकूच नका.

आणि हो, "सिट" आत्ता शिकवू नका. पिल्लाच्या डोक्यात "बसलं की खाऊ" हे एकदा बसलं की रिंगमध्ये, म्हणजे जज कुत्री बघतो त्या आखलेल्या जागेत, जज समोर आला की ते तत्परतेने बूड टेकवतं. आधी "स्टँड", उभं असतानाच खाऊ, सिट काय नंतर दोन दिवसांत येतं.

सामान, आणि त्यातलं काय घेऊ नये

स्टीलचा कंगवा, एका बाजूला बारीक आणि एका बाजूला विरळ दात असलेला. मऊ स्लिकर ब्रश. स्ट्रिपिंग नाइफ दोन (स्ट्रिपिंग म्हणजे पिकलेले केस उपटून काढणं), एक जाड दातांची अंगासाठी, एक बारीक डोकं आणि मानेसाठी. नाव नाइफ असलं तरी तिने कापायचं नसतं, केस पकडायला आधार म्हणून ती असते. नवीन नाइफ धारदार येते आणि केस कापते, म्हणून आधी तिचे दात दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासून बोथट करा. प्युमिस स्टोन, म्हणजे आपला टाच घासायचा सच्छिद्र दगडच, मऊ अंडरकोट ओढून काढायला छान. ग्रूमिंगचा खडू किंवा इअर पावडर, त्याने केस बोटात धरला जातो, घसरत नाही. रबरी फिंगर कॅप, स्टेशनरीच्या दुकानात नोटा मोजायला मिळतात त्याच. सरळ कात्री, थिनिंग कात्री, नखांचा कटर, रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर.

पहिल्याच महिन्यात बारा नाइफचा सेट, हायड्रॉलिक टेबल, इंपोर्टेड स्प्रे यातलं काहीही घेऊ नका. चांगले टेरियर ग्रूमर निम्मं काम अंगठा आणि पहिल्या बोटाने करतात.

स्ट्रिपिंग: मशीन का नाही आणि हाताने कसं

वायर कोट दोन थरांचा असतो. वरचा केस जाड, कडक, रंगाने गडद, आणि खाली आखूड मऊ अंडरकोट. वरचा केस टोकाकडे जाड आणि मुळाकडे बारीक, फिका असतो. मशीन फिरवली की जाड रंगीत भाग कापला जातो आणि बारीक फिका बुंधा तसाच आत राहतो, मेलेला केस गळत नाही, नवीन उगवायला जागा होत नाही. दोन-चार वेळा असं झालं की काळा डाग राखाडी दिसायला लागतो, तांबूस डोकं पिवळट पडतं आणि हाताला लोकर लागते. म्हणून पार्लरला नेणार असाल तर तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून द्या की अंगाला मशीन लावायची नाही.

केस उपटला की दुखतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पिकलेला आंबा देठातून जसा अलगद सुटतो तसा पिकलेला केस सुटतो, कच्चा ओढला तर दुखणारच. पाठीवरचे दोन-तीन केस चिमटीत धरून ओढून बघा. सहज आले तर कोट तयार आहे. केसाबरोबर कातडी वर यायला लागली किंवा पिल्लाने वळून बघितलं तर थांबा, पंधरा दिवसांनी परत बघा.

पिल्लाचे पहिले फुगीर केस साधारण साडेतीन-चार महिन्यांत सुटायला लागतात, काहींचे आधीच. मग असं करायचं. पिल्लाला आधी दमवून आणा, खेळवा, शी-शू करून घ्या. अंघोळ घालू नका, धुतलेला केस मऊ आणि निसरडा होतो. टेबलावर उभं करा, कंगवा फिरवा, पाठीवर थोडा खडू चोळा. डाव्या हाताने कातडी ताणून धरा, ही पायरी लोक विसरतात आणि मग पिल्लू ओरडतं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, त्यात केसांची फक्त टोकं, अगदी थोडे केस, आणि ज्या दिशेला केस वाढतो त्याच दिशेला सरळ झटका. मनगट वळवायचं नाही, मनगट वळलं की केस तुटतो, सगळा हात कोपरापासून मागे न्यायचा. केस आला की त्याचं टोक बघा, मुळाशी टोकदार दिसला तर बरोबर, सपाट दिसला तर तो कापला गेलाय. खांद्यापासून सुरू करून शेपटीकडे जायचं, पट्ट्या पट्ट्या करत. थोड्या वेळाने खाली आखूड मऊ अंडरकोट दिसायला लागतो आणि पिल्लू अर्धं सोललेलं, अगदी विचित्र दिसतं. घरचे विचारतील कुत्र्याला काय झालं. होऊ द्या, तसंच दिसतं ते.

एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण पाठ चार-पाच दिवसांत झाली तरी चालते, फक्त फार लांबवू नका, एक भाग आज आणि दुसरा पंधरा दिवसांनी केला तर दोन्ही वेगवेगळ्या लांबीचे उगवतील. पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुप्तांगाजवळ उपटायचं नाही, तिथे कात्री किंवा मशीन. पायांचे केस आणि दाढी ठेवायचे, त्यातले फक्त लांब विस्कटलेले केस अधूनमधून चिमटीने काढायचे. काम झाल्यावर दोन दिवस अंघोळ नको, गादी-चादर स्वच्छ ठेवा. लाल पुटकुळ्या आल्या तर पुढचं काम थांबवून व्हेटला दाखवा.

कॅलेंडर मांडू या

वायर फॉक्सच्या अंगावर सगळीकडे केस सारखे नको असतात. मान आणि खांद्यावर साधारण २ सेंटीमीटर, पाठ, बरगड्या आणि मागच्या भागावर ४ सेंटीमीटरपर्यंत, डोकं आणि गळा त्याहून साफ. म्हणजे ज्याला जास्त लांब हवंय ते आधी उपटायचं, ज्याला आखूड हवंय ते शेवटी. एवढंच गणित आहे, पण यातच सगळे गडबडतात.

समजा पिल्लू मेच्या मध्यावर जन्मलंय आणि शो डिसेंबरच्या मध्यावर आहे. शोच्या दिवशी ते सात महिन्यांचं असेल. बारा आठवडे मागे मोजा, सप्टेंबरचा चौथा आठवडा येतो, पिल्लू चार महिन्यांचं. तेव्हा पाठ, बरगड्या, मागचा भाग. साधारण तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर, मान, खांदे आणि मांड्यांची बाहेरची बाजू. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डोकं, गाल, गळा, कान. कान आणि गळ्याची कातडी फार नाजूक, तिथे बरेच जण मशीन किंवा थिनिंग कात्रीच वापरतात आणि ते ठीक आहे. मधल्या काळात दर आठवड्याला प्युमिस स्टोन हलकेच फिरवून जास्तीचा अंडरकोट काढत राहायचा, नाहीतर वरचा कोट फुगून उभा राहतो.

प्रत्येक कुत्र्याचा वेग वेगळा, कुणाचा कोट दहा आठवड्यांत येतो, कुणाला चौदा लागतात. म्हणून तारखा वहीत लिहा आणि दर रविवारी बाजूने एक फोटो काढा, त्याच जागी, त्याच उजेडात. दुसऱ्या शोला ही वही सोन्याची ठरते.

याच काळात मध्ये दिवाळी येते हे विसरू नका. फटाक्यांच्या दिवसांत टेबल, ट्रेनिंग काही नको, खिडक्या बंद, टीव्ही चालू, आतल्या खोलीत क्रेट. चार दिवस बुडाले तर काही बिघडत नाही, पण टेबलावर असताना कानाशी सुतळी बॉम्ब वाजला तर महिनाभराची मेहनत गेली.

कान, दात, नखं, आणि पाऊस

दात बदलण्याच्या काळात, म्हणजे साधारण ४ ते ७ महिने, कान वेडेवाकडे होतात. एक पुढे, एक आडवा उडालेला, असं रोज वेगळं. ब्रीडर लोक यासाठी कान चिकटवून योग्य दुमडीत बसवतात, पण कुठे चिकटवायचं, कशाने, किती दिवस हे ब्रीडरसमोर बसूनच शिका, व्हिडिओ बघून घरातला फेव्हिक्विक काढू नका. दुधाचे दात २८, पक्के ४२. पक्का सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारी तसाच असेल तर व्हेटकडे जा, तो पक्क्या दाताला जागेवरून ढकलतो. आणि दात येत असताना दोरीची खेचाखेची बंद.

नखं दर आठवड्याला टोकाशी थोडीशी. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एकदम मोठा तुकडा उडवायचा नाही. नखं वाढली की पंजा पसरतो आणि टेरियरचा पंजा गोल, आवळलेला हवा.

पावसाळ्यात आपल्या हवेत या कोटाचे हाल होतात. बाहेरून आलं की पाय आणि दाढी टॉवेलने टिपून थंड हवेवर ड्रायर, बोटांच्या मधे ओल राहिली की फंगस ठरलेला. गोचिडांसाठी व्हेटने दिलेलं औषध वर्षभर चालू, गोचिडांमुळे होणारा टिक फीव्हर झाला तर कोट सोडा, कुत्रा वाचवायची वेळ येते. आणि टेरियर म्हणजे मुळात बिळात घुसून शिकार करणारी जात, सोसायटीच्या गटाराशी घूस दिसली की ते हातातून सुटणारच, तेव्हा लेप्टोची (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा रोग) लस झालीये ना ते आत्ताच बघून घ्या. कुंड्या उकरल्या म्हणून मात्र रागावू नका, त्याचं काम ते करतंय.

उभं राहणं आणि चालणं

पातळ शो लीड (शोमध्ये कुत्रा धरायची दोरी) घ्या, कानामागे उंच बसणारी. घरात दोन दिवस नुसती गळ्यात राहू दे, मग तुम्ही पिल्लाच्या मागे जा, मग ते तुमच्याबरोबर. कुत्रा कायम तुमच्या डाव्या बाजूला.

आमिष म्हणून चिकनची कलेजी उकडून, मग तव्यावर कोरडी करून, बारीक तुकडे. लसूण, मीठ, मसाला काही नाही. शाकाहारी घरात पनीर चालतं, माझ्या बघण्यातली दोन कुत्री फक्त पनीरवर रिंग जिंकलीयेत.

उभं करण्याच्या दोन पद्धती शिकवा. टेबलावर हाताने लावून: पुढचे पाय सरळ खाली, मागच्या पायाचा घोट्याखालचा भाग जमिनीला काटकोनात, मान वर, शेपटी वर. आणि जमिनीवर मोकळं: तुम्ही समोर उभे, हातात तुकडा, ते आपणहून पंजांवर ताठ होऊन कान पुढे करून तुमच्याकडे बघतंय. टेरियरमध्ये ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. जजला त्या डोळ्यांत आग दिसायला हवी. म्हणूनच रोज अर्धा तास कवायत करू नका, पाच मिनिटं करा आणि ते अजून हवं म्हणत असतानाच बंद करा. कंटाळलेला टेरियर कितीही बरोबर उभा राहिला तरी लाकडी दिसतो.

चालवताना लीड सैल. काही हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा दाखवणारे, लीड इतकी वर खेचतात की पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात, त्याने चाल बिघडते आणि जाणकार जजला ते लगेच कळतं. वेग असा ठेवा की तिरके पाय जोडीने पडतील, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायला लागले तर थांबा, एक पाऊल वळा, परत सुरू करा. गोल, सरळ जाऊन परत, आणि त्रिकोण, या तिन्हींची प्रॅक्टिस पार्किंगमध्ये करा. मित्राला जज बनवा, दर वेळी वेगळा मित्र, टोपीवाला, दाढीवाला, छत्रीवाला. बायका-पुरुष दोघंही.

एन्ट्री

शोचं शेड्यूल आलं की पूर्ण वाचा. एन्ट्रीची शेवटची तारीख शोच्या बरीच आधी असते, ग्राउंडवर जाऊन फॉर्म भरता येत नाही. क्लास वयावरून ठरतात, एफसीआयच्या पद्धतीत पपी ६ ते ९ महिने, ज्युनियर ९ ते १८, इंटरमीजिएट १५ ते २४. तुमच्या शोला कोणते क्लास आहेत आणि शोच्या दिवशी तुमच्या पिल्लाचं वय किती भरतं ते बघूनच क्लास भरा. नाव, रजिस्ट्रेशन नंबर, मायक्रोचिप नंबर सर्टिफिकेटवर आहे तसाच, स्पेलिंगसकट.

पहिला शो शक्यतो पुणे, मुंबई, म्हणजे जिथे घरून गाडीने जाता येईल असा घ्या. आणि त्याच्या आधी एक शो नुसता बघायला जा, कुत्रा घरी ठेवून. टेरियर ग्रुपच्या रिंगशेजारी सकाळपासून बसा. हँडलर मंडळी शोच्या आधी चिडलेली असतात, तेव्हा प्रश्न विचारू नका, रिंग झाल्यावर चहा पिताना विचारा, तासभर बोलतील.

शोच्या आदल्या दिवशी आणि सकाळी

पाठीचा कोट धुवायचा नाही. फक्त पाय, दाढी, पोट शॅम्पूने धुऊन कंगव्याने वर-पुढे विंचरत वाळवायचे, म्हणजे पाय खांबासारखे भरीव दिसतात. पाठीवर ओलसर टॉवेल फिरवून, केस बसवून, वर कोरडा टॉवेल पिनने लावून ठेवतात, त्याने कोट अंगाला चिकटून बसतो. विस्कटलेले चार केस चिमटीने काढा आणि थांबा. आदल्या रात्री कात्री हातात घेतली की अजून जरा, अजून जरा करत भोक पडतं, आणि त्याला उपाय नाही.

पिशवीत: लसीचं कार्ड, रजिस्ट्रेशनची कॉपी, पाणी घरचं, वाटी, क्रेट, चादर, टेबल, कंगवा, खडू, कलेजी, दोन लीड, टॉवेल, शी उचलायच्या पिशव्या. डिसेंबरातही आपल्याकडे अकरानंतर ऊन तापतं, म्हणून छत्री किंवा हिरवी नेट आणि बर्फाचे पॅक. तुम्ही बंद, न घसरणारे बूट घाला, आणि कपड्यांचा रंग असा की पांढरा कुत्रा त्यावर उठून दिसेल. पांढरी पँट नको.

सकाळी हलकं खाणं, अर्धं पोट. ग्राउंडवर दीड-दोन तास आधी. पायांना खडू लावून ब्रश केला तर रिंगमध्ये जाण्याआधी शेवटचा कणसुद्धा झटकून काढायचा, जजने हात लावला आणि पांढरा ढग उडाला तर तो बघणारच नाही असं समजू नका.

रिंगमध्ये

आर्मबँडचा नंबर डाव्या दंडावर. स्टुअर्ड, म्हणजे रिंगचं कामकाज बघणारा माणूस, हाक मारेल तेव्हा तुम्ही गेटशी असायला हवं, तुम्हाला शोधायला कुणी येत नाही. पहिल्या वेळी रांगेत सगळ्यात पुढे उभे राहू नका, पुढच्याचं बघून करता येतं.

टेबलावर वेळ आली की पिल्लाला लावा, डोक्याला आधार द्या, गप्प राहा. जज आधी समोरून बघतो, मग हात पुढे करतो. थूथन धरतो, ओठ वर, दात. बोटं मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून छातीत, बरगड्या चाचपतो. पाठीचे केस उलटे करून अंडरकोट बघतो, शेपटीचं बूड धरतो, नराचे अंडकोष तपासतो. हे सगळं मिनिटभरात होतं आणि या मिनिटासाठी तुम्ही कित्येक महिने टेबलावर तुकडे दिलेत. जज बहुतेक एकच प्रश्न विचारतो, वय. तेवढंच सांगा. याचे वडील चॅम्पियन आहेत वगैरे बोलायची ती जागा नाही.

टेरियरमध्ये कधी कधी जज दोन-तीन कुत्र्यांना समोरासमोर आणायला सांगतो, याला स्पारिंग म्हणतात. भांडण लावायचं नसतं, समोर दुसरा दिसल्यावर ते कसं ताठ होतं ते बघायचं असतं. लीड आखडून धरा, अंतर ठेवा, गुरगुर वाढली की सरळ मागे घ्या. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाला बहुधा कुणी हे करायला लावत नाही, पण तुमच्याशेजारचा मोठा कुत्रा रांगेतच तुमच्यावर येऊ शकतो, त्यामुळे दोन हात जागा कायम सोडा.

पिल्लाने उडी मारली, तुमची बुटाची लेस चावली, तर हसा आणि परत लावा. पपी क्लासमध्ये जज लोक ते समजून घेतात. रिंगमध्ये लीडला झटका मात्र देऊ नका, तो बघितला जातो.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी पाय आणि दाढी धुऊन खडू, धूळ काढा, अंगावर गोचीड बघा, बोटांच्या मधे, कानात, शेपटीखाली. दोन दिवस टेबल नाही, नुसतं हुंदडू द्या.

रिझल्ट काहीही लागो, जजला वेळ असेल तर नंतर जाऊन एकच विचारा, कोट आणि कंडिशनमध्ये काय सुधारू. "का हरवलं" असं विचारलंत तर उत्तर गुळमुळीत मिळेल. दोन-तीन जजांनी वेगवेगळ्या शोला तीच गोष्ट सांगितली, समजा खांदा जड आहे किंवा पाठ लांब, तर ती खरी आहे, आणि ती कुठल्याही कंगव्याने जाणार नाही. मग दोन गोष्टी होऊ शकतात, तुम्ही हौस म्हणून दाखवत राहता किंवा पुढचं पिल्लू निवडताना जास्त बारकाईने बघता. काही जण इथे प्रोफेशनल हँडलर लावतात, लावा, पण पहिला सीझन स्वतः करा, नाहीतर हँडलर चांगला की वाईट हेही कळायचं नाही.

आणि पुढचा शो सहा-आठ आठवड्यांवर असेल तर पूर्ण कोट परत उतरवू नका. दर आठवड्याला सगळ्या अंगावरून फक्त सगळ्यात लांब झालेले केस थोडे थोडे काढत राहा, म्हणजे खालून नवीन येत राहतात आणि कोट बरेच महिने शोला नेण्याजोगा राहतो, याला रोलिंग म्हणतात. पहिल्या प्रयत्नात ते नीट जमत नाही, पाठीवर कुठेतरी टक्कल आणि कुठेतरी गठ्ठा असं होतं. तसं झालं आणि पुढचा शो लांब असेल तर सरळ सगळं उतरवून बारा आठवड्यांचं गणित नव्याने सुरू करा, एप्रिल-मेच्या उन्हात नाहीतरी शो कमीच असतात आणि उतरवलेल्या कोटात पिल्लाला गारही वाटतं.